नाताळातील भेटी

येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवाच्या निमित्ताने आप्तस्वकीयांना, विशेषतः घरातील मुलाबाळांना, वस्तू, खाद्यपदार्थ वा पैसे देण्याची प्रथा. ‘नाताळ’ हा मराठीत रूढ झालेला शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ या शब्दावरून आला असून त्याचे मूळ ‘जन्मविषयक’ या अर्थाच्या लॅटिन ‘नातालिस’ या शब्दात आहे. पश्चिमी ख्रिस्ती संप्रदायांत हा सण २५ डिसेंबर रोजी येतो. धार्मिक बाबतीत जूलियन पंचांग पाळणाऱ्या रशियन, सर्बियन इ. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो ७ जानेवारी रोजी, तर आर्मेनियन चर्चमध्ये ६ जानेवारी रोजी साजरा होतो. भेटी देण्याचा दिवसही सर्वत्र एकच नाही. नेदर्लंड्समध्ये ५ डिसेंबरची संध्याकाळ, जर्मनी व स्वीडनमध्ये २४ डिसेंबर, इंग्लंड-अमेरिकेत २५ डिसेंबरची सकाळ आणि स्पेनमध्ये ६ जानेवारी हे दिवस परंपरेने त्यासाठी ठरलेले आहेत.

नाताळ म्हणजे कुटुंबाने एकत्र येऊन परस्परांना भेटी देण्याचा सण, ही कल्पना आज इतकी दृढ झालेली आहे, की ती सणाइतकीच जुनी असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिचा प्रसार गेल्या दोनशे वर्षांतील आहे. हिवाळ्याच्या या दिवसांत काही देण्याची चाल मात्र प्राचीन असून कालौघात प्रामुख्याने बदलला तो घेणारा. मालकाने नोकराला, सधनाने निर्धनाला, प्रजेने राजाला द्यावयाचे जे होते, ते एकोणिसाव्या शतकात हळूहळू घराच्या उंबऱ्याच्या आत आले आणि त्याबरोबर देण्याचा अर्थही पालटला.

नव्या करारातील चार शुभवर्तमानांपैकी येशूच्या जन्माची हकीकत मत्तय आणि लूक या दोहोंतच येते. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडील ‘मागी’ म्हणजे ज्ञानी पुरुष ताऱ्याच्या अनुरोधाने येऊन बालकापुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवतात. त्यांची संख्या तेथे दिलेली नाही. भेटी तीन म्हणून आणणारेही तीन, असे पुढे मानले गेले. ते राजे होते ही समजूत आणि कास्पार, मेल्किओर व बाल्थाझार ही त्यांची नावे उत्तरकालीन होत. सोने हे राजत्वाचे, ऊद देवत्वाचे आणि प्रेतसंस्कारात वापरला जाणारा गंधरस मृत्यूचे प्रतीक, असा अर्थ धर्मपंडितांनी लावलेला आहे. लूकच्या शुभवर्तमानात मागी नाहीत, मेंढपाळ आहेत. त्यांनी बालकासाठी काही आणल्याचा उल्लेख नाही. मराठी भाषेत ही जन्मकथा फादर टॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये प्रथम छापलेल्या ख्रिस्तपुराणातून ओवीबद्ध रूपात आलेली आहे. नाताळच्या भेटींचा धार्मिक आधार म्हणून मागींच्या या प्रसंगाकडे नेहमी बोट दाखविले जाते. तथापि मागींनी दिले ते परक्याच्या मुलाला, आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता. आई, वडील, भावंडे यांच्यातील देवघेवीशी त्याचा सांधा बऱ्याच नंतर जुळविण्यात आला.

पूर्वपीठिका : २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये जन्मोत्सवासाठी पाळली जात असल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा इ. स. ३५४ च्या एका रोमन पंचांग-संग्रहात सापडतो. त्यातील संबंधित नोंद ३३६ च्या सुमाराची असावी. याच ऋतूत रोमन लोकांचे दोन लोकप्रिय उत्सव येत. १७ डिसेंबरला सुरू होणाऱ्या सॅटर्नेलिया उत्सवात मेणबत्त्या आणि माती वा मेणाच्या छोट्या मूर्ती एकमेकांना देत. या दिवसांत गुलामांना मोकळीक असे. क्वचित धनीच त्यांना वाढत. मार्शल या कवीने अशा भेटींसोबत पाठविण्याजोगी द्विपदी काव्ये रचली असून त्यांचा एक संपूर्ण संग्रह उपलब्ध आहे. त्यात मौल्यवान वस्तूंच्या जोडीला दातकोरण्यासारख्या क्षुल्लक वस्तूंवरही कविता आहेत. श्रीमंताची भेट आणि गरिबाची भेट आलटून पालटून यावी, अशी त्यांची मांडणी आहे. दुसरा उत्सव १ जानेवारीचा. त्या दिवशी शुभशकुन म्हणून द्यावयाच्या भेटींना ‘स्ट्रेने’ म्हणत. नववर्षाच्या भेटीला फ्रेंच भाषेत आजही वापरला जाणारा ‘एत्रेन’ हा शब्द त्यावरूनच आला. ख्रिस्ती धर्मगुरूंना ही देवघेव पसंत नव्हती. इतरांनी नववर्षाच्या भेटी द्याव्यात, ख्रिस्ती जनांनी त्याऐवजी भिक्षादान करावे, असे संत ऑगस्टीन यांनी आपल्या एका प्रवचनात सांगितले आहे. आप्तांना देणे आणि दीनांना देणे यांतील हा ताण या प्रथेच्या पुढील सर्व इतिहासात पुन्हा पुन्हा वर येतो. सॅटर्नेलियाचेच रूपांतर नाताळात झाले, असे पुष्कळदा ठामपणे सांगितले जाते. ऋतू आणि काही चाली समान असल्या, तरी मधल्या शतकांतील सलग परंपरा दाखविता येत नाही; म्हणून या विधानाविषयी सावधगिरी बाळगणे इष्ट.

मुलांना गुप्तपणे देणारा दाता ही कल्पना संत निकोलस यांच्या आख्यायिकेतून आली. ते चौथ्या शतकात आशिया मायनरमधील मायरा (आधुनिक तुर्कस्तानातील देम्रे) येथे बिशप होते, असे परंपरा सांगते. एका दरिद्री गृहस्थाला तीन उपवर मुली होत्या. हुंड्याअभावी त्यांच्यावर देहविक्रय करण्याची पाळी येणार, हे कळताच निकोलस यांनी रात्रीच्या वेळी त्या घराच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली आणि असे तीनदा केले, अशी कथा आहे. खलाशांचा व मुलांचा हा कैवारी संत मध्ययुगात सर्व यूरोपभर पूज्य झाला. १०८७ मध्ये इटालियन खलाशांनी त्यांच्या अस्थी मायराहून बारी येथे नेल्या. ६ डिसेंबर या त्यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या रात्री मुलांच्या जोड्यांत खाऊ ठेवण्याची चाल पडली. नेदर्लंड्समध्ये ती आजही जोमदार आहे. तेथे संध्याकाळी भेटींसोबत घेणाऱ्याची थट्टा करणारी पद्ये वाचतात आणि त्यांवर देणाऱ्याचे नाव नसते. सगळे श्रेय ‘सिंटरक्लास’ला जाते. संताच्या कृष्णवर्णी सेवकाचे सोंग मात्र अलीकडच्या काळात तेथे तीव्र वादाचा विषय झाले आणि अनेक शहरांनी ते बदलले वा वगळले.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि त्यांच्या अनुयायांनी संतपूजेला विरोध केला. त्यामुळे जर्मनीच्या प्रॉटेस्टंट भागांत दाता बदलला व दिवसही बदलला. संताच्या जागी ‘क्रिस्टकिंड’ म्हणजे बाळ ख्रिस्त आला आणि भेटी नाताळच्या पूर्वसंध्येला मिळू लागल्या. गंमत अशी, की पुढे हाच क्रिस्टकिंड कॅथलिक दक्षिण जर्मनीत व ऑस्ट्रियात मुख्यत्वे उरला. कागदी गुलाब, सफरचंदे आणि मिठाई यांनी सजविलेले सूचिपर्णी झाड घराच्या दिवाणखान्यात उभे करण्याची चाल स्ट्रॅस्बर्ग येथे १६०५ च्या सुमारास होती, असे एका प्रवासवर्णनातून कळते. मोठ्यांनी बंद खोलीत तयारी करावी, घंटा वाजावी, दार उघडावे आणि मुलांनी दिव्यांनी उजळलेले झाड व त्याखालील भेटी प्रथमच पाहाव्यात, हा जर्मन घरांतील सोहळा पुढे सर्व यूरोपने उचलला.

इंग्लंडमध्ये मात्र दीर्घकाळ वेगळे चित्र होते. ट्यूडर दरबारात भेटींचा दिवस १ जानेवारी हा होता. पहिल्या एलिझाबेथ राणीला सरदार-दरकदारांनी दिलेल्या आणि तिने उलट दिलेल्या भेटींच्या याद्या उपलब्ध आहेत. कोणी किती वजनाचे सोन्यारुप्याचे भांडे मिळविले, याची त्यांत नोंद आहे. सामान्य जनांत देण्याची दिशा वरून खाली अशी असे. कुळे, नोकर, शिकाऊ कारागीर हे या दिवसांत धन्याच्या दारी येत, गाणी म्हणत आणि खाणेपिणे व पैसे हक्काने मागत. नकार देणाऱ्याची नालस्तीही होई. दुकानांतील शिकाऊ मुले पैशांसाठी बंद पेटी ठेवीत. सॅम्युएल पेपिस यांनी आपल्या दैनंदिनीत १९ डिसेंबर १६६३ रोजी चांभाराकडील मुलांच्या अशा पेटीत पैसे टाकल्याची नोंद केली आहे. २६ डिसेंबरला मिळालेले ‘बॉक्सिंग डे’ हे नाव सामान्यतः याच पेट्यांशी जोडले जाते. प्यूरिटन लोकांना हा सारा धिंगाणा अधार्मिक वाटे. पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला. १६६० च्या राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर तो परत आला. मॅसॅचूसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

घराकडे वळलेला सण : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क शहर झपाट्याने वाढत होते. डिसेंबरच्या अखेरीस तरुण कामगारांचे घोळके वाजतगाजत रस्त्यांतून फिरत, सधनांच्या दारांवर थडकत. जुन्या खेड्यात जे मागणे ओळखीच्या माणसाचे होते, ते मोठ्या शहरात अनोळखी जमावाचे झाले आणि सुखवस्तू घरांना त्याची धास्ती वाटू लागली. याच शहरातील काही प्रतिष्ठित लेखकांनी डच वसाहतवाल्यांच्या संत निकोलसला नवे रूप दिले. वॉशिंग्टन अर्व्हिंग यांनी १८०९ मध्ये लिहिलेल्या न्यूयॉर्कच्या विनोदी इतिहासात तो प्रथम ठळकपणे आला. २३ डिसेंबर १८२३ रोजी ट्रॉय येथील एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या ‘अ व्हिजिट फ्रॉम सेंट निकोलस’ या कवितेने त्याची प्रतिमा कायम केली. क्लेमंट क्लार्क मूर यांच्या नावावर असलेल्या या कवितेच्या कर्तृत्वाविषयी वाद आहे. तीतील आगंतुकही रात्री येतो, पण तो काही मागत नाही. मुलांच्या मोज्यांत खेळणी भरून निघून जातो. स्टीफन निसेनबॉम या अमेरिकन इतिहासकारांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बदलाची सामाजिक मीमांसा केली आहे. त्यांच्या मते, आश्रित वर्गाला द्यावयाच्या दानाची जागा येथे मुलांना द्यावयाच्या भेटीने घेतली. घरातील दुर्बल आणि परावलंबी घटक म्हणजे मूल. त्याला दिले की देण्याचे समाधान मिळते आणि दारही बंद ठेवता येते. ही मीमांसा काहीशी कठोर असली, तरी पुढील घटनाक्रमाशी ती चांगली जुळते.

ब्रिटनमध्ये हाच बदल राजघराण्याच्या आणि छापखान्याच्या आधाराने झाला. व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स ॲल्बर्ट आणि त्यांची मुले सजविलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र १८४८ च्या डिसेंबरात लंडनमधील एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले. दोन वर्षांनी अमेरिकेतील एका स्त्रियांच्या मासिकाने तेच चित्र राणीचा मुकुट व ॲल्बर्टच्या मिशा काढून टाकून पुन्हा छापले. राजकुटुंबाचे असे कोणत्याही सुखवस्तू कुटुंबात रूपांतर झाले. १८४३ साल या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. त्या वर्षी १९ डिसेंबरला चार्ल्स डिकिन्स यांची अ ख्रिसमस कॅरल ही कथा प्रसिद्ध झाली व सहा हजार प्रतींची आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली. कथेतील कृपण स्क्रूज पश्चात्तापानंतर आपल्या कारकुनाच्या घरी टर्की पाठवितो, तोही नाव न कळविता. दुसऱ्या दिवशी त्याचा पगार वाढवितो आणि मधल्या वेळी पुतण्याच्या घरी जेवायला जातो. नोकराप्रत धन्याचे जुने कर्तव्य आणि कुटुंबाचा नवा जिव्हाळा ही दोन्ही डिकिन्स यांनी एकाच कथेत राखली आहेत. त्याच वर्षी हेन्री कोल यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र काढून घेतले. त्याच्या सुमारे एक हजार प्रती प्रत्येकी एक शिलिंगास विकण्यात आल्या. लहान मूलही मद्याचा घोट घेताना दाखविल्यामुळे मद्यनिषेधवाद्यांनी त्यावर टीका केली. परंतु या पत्राची मांडणीच अधिक बोलकी आहे. मध्यभागी मोठ्या चौकटीत भोजनाला बसलेले कुटुंब आहे आणि दोन्ही बाजूंच्या अरुंद चौकटींत भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देण्याची दृश्ये आहेत. घर मध्यावर येऊन दान कडेला गेल्याची ही जणू नोंदच होय.

गरीब कुटुंबांना या नव्या सणाचा खर्च पेलण्यासाठी वर्षभर तजवीज करावी लागे. लंडनमधील कामगार आठवड्याला थोडे थोडे पैसे ‘गूज क्लब’मध्ये जमा करीत व नाताळला भोजनासाठी कलहंस मिळवीत, ही पद्धत आपल्याकडील भिशीसारखी होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील एका बँकेने १९०९ मध्ये नाताळसाठी खास बचत खाती सुरू केली आणि ती कल्पना देशभर पसरली.

अदृश्य दाता : सांताक्लॉजचे आजचे रूप टॉमस नास्ट या व्यंग्यचित्रकाराने १८६३ पासून काढलेल्या चित्रांनी घडविले. यादवी युद्धातील संघराज्याच्या सैनिकांना भेटी वाटताना त्याने सांताक्लॉजला प्रथम दाखविले. तांबडा पोशाख ही एका शीतपेयाच्या जाहिरातींची देणगी, असा समज आहे. त्या जाहिराती १९३१ च्या असून तांबड्या पोशाखातील चित्रे त्यापूर्वीही होती. इंग्लंडमधील ‘फादर ख्रिसमस’ हा मुळात मेजवानीचे मूर्त रूप असलेला म्हातारा. तो भेटी आणीत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो सांताक्लॉजमध्ये मिसळून गेला.

या कल्पित दात्याचे कार्य लक्षात घेण्यासारखे आहे. तो आई-वडिलांना पडद्याआड ठेवतो. दिले कोणी हे मुलाला कळत नसल्याने त्याला उपकाराचे ओझे वाटत नाही आणि आभारही मानावे लागत नाहीत; पालकांना मिळतो तो मुलाचा चेहरा पाहण्याचा आनंद. खेळणे बाजारातून विकत आणलेले आहे, ही गोष्टही झाकली जाते. वेष्टनाचा उपयोगही काही अंशी असाच आहे. पूर्वी भेटी साध्या वा पातळ रंगीत कागदात बांधीत. १९१७ मध्ये कॅन्झस सिटी येथील हॉल बंधूंच्या दुकानातला असा कागद संपला, तेव्हा पाकिटांच्या अस्तरासाठी आणलेला नक्षीदार फ्रेंच कागद त्यांनी विक्रीस ठेवला. तो हातोहात खपला व वेष्टन-कागदाचा स्वतंत्र धंदा उभा राहिला.

सांताक्लॉजला धार्मिक विरोधही झाला. २३ डिसेंबर १९५१ रोजी फ्रान्समधील दीझाँ येथील कॅथीड्रलसमोर काही धर्मगुरूंच्या संमतीने शेकडो मुलांच्या साक्षीने त्याच्या पुतळ्याचे दहन करण्यात आले. दुसऱ्या दिवशी तो नगरभवनाच्या छपरावर पुन्हा अवतरला. क्लोद लेव्ही-स्ट्राउस या मानवशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये या घटनेवर लिहिलेल्या निबंधात मुलांना दिलेल्या भेटी म्हणजे मृत्यूच्या ऋतूत जीवनाला दिलेली भेट होय, असा विचार मांडला आहे.

कुटुंबातील देवघेव : देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही बंधने मानवी समाजात एकत्र नांदतात, असे मार्सेल मोस यांनी १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले. कुटुंबातील नाताळ-भेटींना हे सूत्र पूर्णपणे लागू पडत नाही. थिओडोर कॅप्लो यांनी अमेरिकेतील मन्सी या शहरातील ११० प्रौढांकडून १९७८ च्या नाताळातील ४,३४७ भेटींची माहिती गोळा केली. आई-वडील मुलांना जितके देतात त्या मानाने मुलांकडून त्यांना फार थोडे मिळते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते, असे त्यांना आढळले. भेटी वेष्टनात असाव्यात, त्या सर्वांसमक्ष उघडाव्यात, घेणाऱ्याच्या आवडीची जाण त्यांतून दिसावी, पती वा पत्नीला दिलेली भेट इतरांपेक्षा मोलाची असावी, असे अनेक अलिखित नियम लोक काटेकोरपणे पाळत होते. पण विचारले असता असे काही नियम आहेत, हे त्यांना सांगता येत नव्हते. खरेदी, निवड आणि बांधाबांध यांचा भार मुख्यत्वे स्त्रियांवर होता, हा त्यांच्या पाहणीतील आणखी एक निष्कर्ष. घराघरांतील हा आनंद बव्हंशी गृहिणीच्या श्रमांतून उभा राहतो, याची दखल पूर्वीच्या वर्णनांत क्वचितच घेतलेली दिसते.

देणे हे सक्तीचे झाले, की त्यातील गोडी नाहीशी होते. न्यूयॉर्कमधील दुकानांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना वरिष्ठांच्या भेटीसाठी वर्गणी द्यावी लागे. या जाचाविरुद्ध १९१२ मध्ये ‘निरुपयोगी भेटी प्रतिबंधक संस्था’ अशा अर्थाच्या नावाची संघटना तेथे स्थापन झाली आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेही तिचे सभासद झाले. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये वेगळ्याच अंगाने टीका केली. विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींचे त्यांच्या दृष्टीने असलेले मोल हे त्यांच्या किंमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एकतृतीयांशापर्यंत कमी भरते, असा त्याने हिशेब मांडला. मात्र जवळच्या माणसांनी दिलेल्या भेटींत ही तूट कमी होती. ज्यांना आवडीनिवडी ठाऊक नसतात ते दूरचे नातलग बहुधा रोख पैसेच देत. ओ. हेन्री यांच्या १९०५ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या ‘द गिफ्ट ऑफ द मागी’ या कथेतील दांपत्याचा व्यवहार या हिशेबाने पूर्ण तोट्याचा ठरेल. नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घ्यावी म्हणून पत्नी आपले केस विकते आणि तिच्या केसांसाठी फण्या घ्याव्यात म्हणून तो घड्याळ विकतो. दोन्ही भेटी निरुपयोगी ठरतात, आणि त्या दोघांनाच खरे देणे कळले, असा लेखकाचा अभिप्राय आहे.

इतर देशांतील काही चालींचा उल्लेख येथे करता येईल. स्वीडनमध्ये भेटीला ‘यूलक्लाप’ म्हणतात. ‘क्लाप’ म्हणजे ठोठावणे. पूर्वी दार ठोठावून भेट आत फेकीत व ओळख पटण्यापूर्वी पळ काढीत. इटलीत ६ जानेवारीच्या आदल्या रात्री बेफाना ही म्हातारी मुलांचे मोजे भरते. पोलंडमध्ये भेटींपूर्वी ‘ओप्लातेक’ नावाची पातळ पोळी घरातील प्रत्येकजण दुसऱ्याला मोडून देतो, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामे मांडून ठेवतात. आइसलँडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून पुस्तके भेट देण्याची चाल वाढली व १९४४ पासून नव्या पुस्तकांची सूची घरोघर जाऊ लागली. फिलिपीन्समध्ये धर्ममाता-धर्मपिते मुलांना पैसे देतात; परदेशी राबणारे लाखो फिलिपिनो वर्षभर जमविलेल्या वस्तूंची भली मोठी खोकी नाताळसाठी घरी पाठवितात.

भारत : ब्रिटिश अमदानीत उत्तर भारतात नाताळ ‘बडा दिन’ म्हणून ओळखला जाई. त्या दिवशी कंत्राटदार, जमीनदार व कनिष्ठ नोकर साहेबाच्या बंगल्यावर फळे, फुले, मिठाई आणि केक यांची ‘डाली’ पाठवीत. येथे भेटीचा ओघ खालून वर असे आणि तिच्या पोटी प्रेमापेक्षा अपेक्षाच अधिक असे. किरकोळ फळाफुलांखेरीज काही स्वीकारू नये, असा निर्बंध सरकारला आपल्या नोकरांवर घालावा लागला, यावरून फळांखाली आणखी काय असू शके, याची कल्पना येते.

गोव्यातील परंपरा याहून अगदी भिन्न आहे. पोर्तुगालमध्ये ‘कोन्सोआदा’ म्हणजे नाताळच्या पूर्वरात्रीचे कौटुंबिक भोजन. गोव्यात त्याच शब्दाचा अर्थ बदलून आप्तांना व शेजाऱ्यांना पाठवावयाचे गोडधोडाचे ताट असा झाला. मंगळूरच्या कॅथलिकांतील ‘कुस्वार’ हा शब्दही त्यापासूनच निघाल्याचे मानतात. या ताटात नेवऱ्या, नारळाचा रस, तांदळाचे पीठ व गूळ यांचा दोदोल, हरभऱ्याच्या डाळीचे दोस, थरांची बेबिंका, बोलिन्या आणि काट्याच्या पाठीवर वा फणीवर वळलेली कुलकुले असतात. नेवरी ही महाराष्ट्रातील करंजीची सख्खी बहीण. दिवाळीच्या फराळाशी असलेले या ताटाचे नाते एवढ्यावरूनही ध्यानात येते. दोदोल तासन्‌तास ढवळावा लागतो आणि कुलकुले एकेक वळावी लागतात, म्हणून घरची मुले, म्हाताऱ्या आणि शेजारणी एकत्र बसून नाताळपूर्वीच्या आठवड्यात ही कामे उरकतात. मुंबई-ठाणे-वसई परिसरातील ईस्ट इंडियन समाजात बदामाचे मार्झिपान, दुधाची वडी आणि पेरूचे चीज यांची यात भर पडते. या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, हे नाव अधिकृतपणे धारण केले. वसईच्या मराठी भाषक ख्रिस्ती समाजाने दिवाळी अंकांच्या धर्तीवर नाताळ विशेषांकांचीही प्रथा पाडली आहे.

गेल्या काही दशकांत शहरांतील घरे लहान झाली, नोकरदार स्त्रियांना वेळ मिळेनासा झाला आणि तयार कुस्वार दुकानांतून व घरगुती व्यावसायिकांकडून मिळू लागला. मुलांसाठी वेष्टनातील खेळणी व सांताक्लॉज हेही आता सर्वत्र आढळतात. तरीही ताट पाठविण्याची चाल टिकून आहे. ते कापडाने झाकून बहुधा मुलांच्या हाती देतात. गणेशचतुर्थी वा दिवाळीला ज्या हिंदू घरांतून फराळ आलेला असतो, तेथेही ते जाते. वर्षभरात मृत्यू घडलेल्या घरी नाताळचे गोड पदार्थ करीत नाहीत. अशा घरी आप्त व शेजारी आपापली ताटे आवर्जून पाठवितात.